तोरणावरचे बिऱ्हाड

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत असत. पंचक्रोशीत कुणाची मुंज असो, लग्न असो की नव्या घराची वास्तुशांत, पहिला निरोप त्यांच्याकडे जाई. बुवांची वाणी मृदू होती, पण पूजाविधीतली त्यांची शिस्त मोठी करडी. त्यांचा शिष्य श्रीपाद याने ती पुरेपूर अनुभवली होती. एका पूजेच्या मांडणीत त्याच्या हातून दर्भाचे टोक भलत्या दिशेला राहिले, तेव्हा बुवांनी सगळी मांडणी उचलायला लावून पुन्हा पहिल्यापासून करवून घेतली होती. भुकेलेले यजमान तोवर अंगणात येरझारा घालत होते.

श्रीपादला याचे कधी वाईट वाटले नाही. उलट, ‘आमच्या गुरुजींच्या कामात काना-मात्रेचाही फरक सापडायचा नाही,’ असे तो चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगे. आपणही त्यांच्यासारखेच व्हावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती.

एका वैशाखात बुवा त्याला म्हणाले, “श्रीपादा, गंगाधरशेठच्या घराची वास्तुशांत या खेपेला तू सांग. मी नुसता बाजूला बसेन.”

श्रीपादच्या आनंदाला पारावार उरला नाही. मुख्य आसनावर बसून पूजा सांगण्याची त्याची ही पहिलीच वेळ. शिवाय यजमान गावातले मोठे व्यापारी. तो चालता-बोलता मंत्र घोळवू लागला. विहिरीवर पाणी शेंदतानाही त्याचे ओठ हलत असत.

गंगाधरशेठचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. त्या दुकानामागच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत त्यांनी आणि सगुणाबाईंनी अर्धे आयुष्य काढले होते. आता गावाच्या टोकाला, आमराईला लागून, त्यांचे स्वतःचे घर उभे राहिले होते. घर तसे साधेच होते, पण दार! सागवानी, दुहेरी, दोन्ही फळ्यांवर कमळे कोरलेले. सुतार काम करत असताना शेठ रोज संध्याकाळी तिथे येऊन बसत आणि एकेका पाकळीवरून बोट फिरवून बघत.

या दारामागे एक जुने शल्य होते. तरुणपणी शेठनी शेती सोडून दुकान टाकायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने रागाच्या भरात म्हटले होते, “जातोस तर जा. स्वतःचा उंबरठा घालशील, त्या दिवशी मला बोलाव!” शब्दाला शब्द वाढला आणि दोघांचे एकमेकांकडे जाणे-येणे तुटले ते तुटलेच. वडीलधाऱ्यांच्या कार्यात दोघे समोरासमोर येत, नमस्कार होत, पण बोलणे होत नसे. आता उंबरठा घातला होता. शेठनी मुद्दाम माणूस पाठवून भावाला आमंत्रण दिले होते, आणि नवल म्हणजे भावाने ‘येतो’ असे कळवले होते. आपण हातात कलश घेऊन त्या दारातून आत पाऊल टाकत आहोत आणि दादा समोर उभा राहून ते पाहतो आहे, हे दृश्य शेठनी मनातल्या मनात किती वेळा पाहिले असेल, ते त्यांनाच ठाऊक.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर शास्त्रीबुवा आणि श्रीपाद तयारीसाठी नव्या घरी गेले. शेठ अंगणातच भेटले. दाराला तेल लावून ते चांगले मुरावे म्हणून कित्येक दिवस कुलूप घातले होते. कामकरी माणसे मागच्या दारानेच ये-जा करत होती. शेठनी कमरेची किल्ली काढली आणि ते मोठ्या उत्साहाने पायरीकडे निघाले.

तेवढ्यात सगुणाबाई मागच्या बाजूने लगबगीने आल्या.

“अहो, थांबा जरा! दार उघडू नका.”

“का? काय झालं?”

सगुणाबाईंनी वर बोट दाखवले.

चौकट बसवली त्या दिवशी तिला आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. पाने केव्हाच वाळून गेली होती, पण त्याचा दोरा तसाच खाली लोंबत होता. आणि त्या दोऱ्याच्या टोकाला, दाराच्या अगदी मधोमध, माणसाच्या कपाळाला लागेल अशा उंचीवर, एक लांबोडके घरटे लटकत होते. वाळके गवत, झाडाची साल, कोळ्याची जाळी, तोरणाचा लाल धागा आणि सुताराच्या रंध्याखालून निघालेली सागाची सालपटे, हे सगळे एकत्र विणून ते केले होते. कुशीला एक वाटोळे दार, आणि त्या दारावर पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून पडवीसारखे एवढेसे छप्पर.

“शिंजीर,” बुवा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

ते म्हणेपर्यंत जांभळट काळा, उन्हात चमचमणारा एक चिमुकला पक्षी आला, दोऱ्याला उलटा लोंबकळला आणि त्या वाटोळ्या दारात त्याने आपली बाकदार चोच खुपसली. आतून चिवचिवाट झाला. दोन लालबुंद चोची क्षणभर दिसल्या आणि नाहीशा झाल्या.

“पिलं आहेत,” सगुणाबाई म्हणाल्या. “मला ठाऊक होतं. रोज सकाळी बघायला येत होते मी.”

“आणि बोलली नाहीस?” शेठ उद्गारले.

“बोलले असते तर तुम्ही काढून टाकायला सांगितलं असतं.”

ते खरेच होते. शेठ थोडे वरमले, मग श्रीपादकडे वळून म्हणाले, “गुरुजी, यावर काही उपाय सांगा. उद्या सकाळी सगळा गाव इथं जमणार.”

‘गुरुजी’ ही हाक ऐकून श्रीपादला धन्य वाटले. त्याने घसा साफ केला. “त्यात अवघड काही नाही. दोरा वरून हलक्या हातानं सोडवू आणि घरट्यासकट आंब्याच्या फांदीला बांधू. झाड पाच पावलांवर आहे. पाखरांना शोधायला कितीसा वेळ लागणार?”

“आणि नाही शोधलं तर?” बुवांनी विचारले.

“शोधतीलच की, गुरुजी. त्यांची पिलं आहेत.”

“तू आज संध्याकाळी घरी गेलास आणि घर जागेवर नसलं, तर शेजारच्या आळीत शोधायला जाशील?”

बुवांनी खांद्यावरचे उपरणे काढले, पायरीवर अंथरले आणि ते दारासमोर बसून शांतपणे घरट्याकडे पाहू लागले. शिंजिराची मादी आली, नर आला, दोघे पुन्हा गेले. शेवटी बुवांनी उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला. मग सगुणाबाईंकडून रांगोळी मागून घेतली आणि उंबरठ्याबाहेर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

“शेठ, हे दार उद्या उघडायचं नाही. गृहप्रवेश मागच्या दारानं होईल.”

शेठना आपण काही भलतेच ऐकले असे वाटले. श्रीपादला तर पायाखालची जमीन सरकल्यासारखे झाले. दर्भाचे एक टोक फिरले म्हणून सगळी मांडणी मोडणारे हेच का ते गुरुजी? मुख्य द्वार, मुख्य द्वाराची पूजा, मुख्य द्वारातून उजवे पाऊल, सारा विधी त्या दाराभोवती फिरत होता. आणि मागचे दार म्हणजे मोरीच्या अंगाचे, स्वयंपाकघराचे, ठेंगणे दार!

“बुवा, माझी थट्टा करताय का?” शेठ किल्ली मुठीत आवळत म्हणाले. “मी हे दार कशासाठी घडवून घेतलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या दादा येणार आहे. त्याच्यासमोर मी मोरीवरून घरात शिरू?”

“शिरा की. त्यांनाही तिकडूनच घेऊन या.”

“मग तिथी पुढं ढकलू.”

“ढकला. पण या महिन्यात पुन्हा चांगला दिवस नाही. त्यापुढं पाऊस.”

“मग मी पलीकडच्या गावातून दुसरे गुरुजी आणतो!”

“आणा हो. मी जेवायला येईन,” बुवा हसून म्हणाले. “सगुणाबाईंच्या हातची पुरणपोळी सोडवत नाही मला.”

शेठ संतापाने काही बोलणार, तोच सगुणाबाई पुढे आल्या. एरवी चारचौघांत त्या फारसे बोलत नसत. पदर सावरून त्या म्हणाल्या, “अहो, गृहप्रवेश दोघांनी मिळून करायचा असतो ना? मग मी सांगते. मी मागच्या दारानं येणार. तुम्हाला पुढच्या दारानं जायचं असेल तर जा. मी स्वयंपाकघरात वाट बघेन.”

शास्त्रीबुवांनी श्रीपादकडे पाहिले. “काय श्रीपादा, यजमान एका दारानं आणि यजमानीण दुसऱ्या दारानं, असा काही विधी आहे का?”

“नाही,” श्रीपाद पुटपुटला.

शेठनी दाराकडे पाहिले, कमळांकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. मग किल्ली कमरेला खोचली आणि ते आमराईत निघून गेले.

श्रीपादला त्या दिवशी घास गोड लागला नाही. पहिलीच पूजा, आणि लोक वर्षानुवर्षे हसून सांगतील, ‘हाच तो, यजमानाला मोरीवरून घरात घालणारा!’ गुरुजींना विचारायची सोय नव्हती. त्यांनी एवढेच सांगितले, “उद्या पूजा तुलाच सांगायची आहे. लोकांना काय सांगायचं, तेही तूच ठरव.”

सकाळी घरासमोर माणसांची ही गर्दी जमली. सनई वाजत होती, सुवासिनी औक्षणाची तबके घेऊन उभ्या होत्या. शेठ हातात कलश घेऊन खाली मान घालून उभे होते. त्यांचे थोरले भाऊ आले होते. उंचापुरा देह, डोक्याला भरजरी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. ते इतर पाहुण्यांपासून जरा अंतर राखून उभे होते आणि बंद दाराकडे पाहत होते. दोघा भावांचा नमस्कार झाला होता. त्यापलीकडे काही नाही.

श्रीपाद पायरीवर चढला. रात्रभर त्याने एक भारदस्त भाषण जुळवले होते, पण सगळ्यांचे डोळे आपल्यावर रोखलेले पाहताच ते तो विसरून गेला. नेमकी त्याच वेळी शिंजिराची मादी त्याच्या कानाजवळून भुर्रकन गेली आणि घरट्याला लटकली. आतली पिले भुकेने किंचाळली. श्रीपाद दचकला आणि काही न सुचून जे होते तेच बोलून गेला.

“मंडळी, या दारात एक बिऱ्हाड आलेलं आहे. घरात बाळंतीण आहे, लेकरं लहान आहेत. तेव्हा आपण मागच्या दारानं जाऊ या. सनई जरा हळू वाजवा.”

कुणीतरी वर बघितले, कुणीतरी शेजाऱ्याला बोट करून दाखवले, आणि सगळ्या अंगणात हसू पसरले. ‘कुठं? कुठं?’ म्हणत बायका माना उंचावू लागल्या. एक म्हातारी तर औक्षणाचे तबक घेऊन पुढे झाली आणि तिने लांबूनच त्या घरट्याला ओवाळले.

मग ती मिरवणूक वळली. अशी मिरवणूक त्या गावाने कधी पाहिली नव्हती. पुढे दबक्या सुरात सनई, मागे कलश घेतलेले शेठ आणि दिवा घेतलेल्या सगुणाबाई, त्यांच्या मागे सारा गाव, नव्या घराला वळसा घालत, विहिरीवरून, केळीच्या खुंटांमधून, ओल्या धुण्याच्या दगडाला चुकवत. शालू नेसलेल्या बायका निऱ्या उचलून चिखल ओलांडत होत्या. सनईवाल्याच्या जोडीचा ढोलवाला केळीच्या पानात अडकला, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला सोडवले. एरवी अशा वेळी माणसे गंभीर चेहरे करून चालतात; इथे जो तो हसत होता.

मागचे दार खरोखरच ठेंगणे होते. सगुणाबाई आणि शेठ वाकून, उजवे पाऊल टाकून आत गेले. श्रीपादने मंत्र म्हटले, आणि त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले की आवाज जराही डगमगला नाही. मागोमाग थोरले भाऊ आले. त्यांना वाकायची सवय नव्हती. वरच्या लाकडाला फेटा अडकला, सुटला आणि गडगडत थेट चुलीपाशी जाऊन थांबला.

आता काय होणार, म्हणून शेठचा चेहरा पांढरा पडला. ते फेटा उचलायला धावले. भाऊ मात्र तसेच वाकलेले, उघड्या डोक्याने, दारातच उभे होते. चुलीवर दूध तापत होते, त्याचा वास दरवळत होता. त्यांनी चुलीकडे पाहिले, सगुणाबाईंकडे पाहिले, आणि ते हळूहळू हसू लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“गंगाधरा,” ते म्हणाले, “पुढच्या दारानं आलो असतो तर पाटावर बसलो असतो, आहेर केला असता आणि पाहुण्यासारखा निघून गेलो असतो. तेच ठरवून आलो होतो मी. पण मागच्या दारानं पाहुणा येत नाही रे. घरचाच माणूस येतो.”

शेठच्या हातात फेटा होता. त्यांनी तो भावाच्या डोक्यावर ठेवायला हात वर केले. भावाने तो त्यांच्या हातून घेऊन बाजूला ठेवला आणि धाकट्या भावाला छातीशी धरले. तिकडे दूध उतू गेले. सनईवाल्याला काय वाटले कोण जाणे, त्याने मघापासून दाबून धरलेला सूर मोकळा सोडला, आणि या वेळी त्याला कुणीही हळू वाजव म्हटले नाही.

त्या दिवशी पंगती दुपार टळेपर्यंत उठत होत्या. थोरले भाऊ स्वतः पुरणपोळीवर तुपाची धार धरत फिरत होते आणि आग्रह करकरून वाढत होते. शास्त्रीबुवा खरोखरच मनसोक्त जेवले.

परतताना नदीकाठच्या वाटेवर श्रीपादला राहवले नाही. “गुरुजी, एक विचारू? दर्भाचं टोक चुकलं, तेव्हा आपण सगळी मांडणी मोडलीत. आणि आज मुख्य दारच सोडून दिलंत. हे मला उलगडत नाही.”

बुवा चालता चालता थांबले. “दर्भ चुकला त्या दिवशी तुझं लक्ष जेवणाच्या पानांकडे होतं. मी मांडणी मोडली ती तुझं लक्ष परत आणायला. दर्भाचं निमित्त झालं. आता सांग, वास्तुशांतीत आपण दिवसभर बसून मागतो काय?”

“घर भरलेलं राहो. येईल त्या जिवाला इथं सुख लाभो. लेकराबाळांनी घर नांदतं होवो.”

“हं. हे सगळं तू मागायच्या आधीच येऊन दारात लटकलं होतं. विश्वासानं आलं होतं, पिलांसकट आलं होतं. जे आलंय त्याला काठीनं हुसकावायचं आणि मग आत बसून तेच मोठ्या आवाजात मागायचं, असं मी तुला कसं करू देऊ?”

श्रीपादने मान डोलावली. मग म्हणाला, “आणि दोघा भावांचं? ते आपल्याला आधीच दिसलं होतं?”

“छे!” बुवा खळखळून हसले. “मला कुठलं दिसायला? मी पिलांपुरतंच बघितलं. एका जिवासाठी आपण जरा वाट वाकडी करतो; त्या वाटेनं आणखी कोण घरी येईल, हे आधी कुणालाच कळत नसतं. कळायची गरजही नसते.”

एवढे बोलून ते चालू लागले. नदीवर वारा सुटला होता. श्रीपाद त्यांच्या मागून निघाला. मंत्र घोळवायचे त्याला त्या वाटेवर सुचलेच नाही. तो काठच्या झाडांकडे बघत चालला होता.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका मास्तरांनी श्रीपादला वास्तुशांतीसाठी बोलावले. या वेळी तो एकटाच गेला. यजमानांनी पाय धुवायला पाणी दिले, आसन मांडले. श्रीपादने आपली पिशवी ओट्यावर ठेवली आणि तो घराभोवती सावकाश फिरू लागला. त्याने वळचणीखाली वाकून पाहिले, पन्हाळीत डोकावले, भिंतीवर टांगलेला कंदील न हलवता न्याहाळला, दाराच्या मागे पाहिले.

मास्तर गोंधळले. “गुरुजी, दिशा बघताय का?”

“नाही हो,” श्रीपाद म्हणाला, “आपल्या आधी कुणी राहायला आलंय का, ते बघतोय.”

मग मास्तरही चष्मा सावरून, मान वर करून, आपल्याच घराची वळचण निरखू लागले.